दातावरचा पापुद्रा किती वर्षांचा?

मे महिन्यात भाच्याचं लग्न होतं. त्याआधी तो मालवणला दोन-तीन खेपा घालून पुढचे दोन दात करून आला. तो देवबागेत पर्यटकांना डायव्हिंगला नेतो. दोन वर्षांपूर्वी होडीच्या शिडीवरून पाय सरकला, तोंड शिडीच्या दांड्यावर आपटलं आणि वरच्या दोन्ही पटाशीच्या दातांचे कोपरे उडाले. आता तो हसला तरी काही कळत नाही. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. आई बांगडे साफ करत बसली होती. तिने मान वर केली, दात नीट बघून घेतले आणि एकच विचारलं, "अरे, पण ह्या टिकतला किती दिवस?"

भाचा म्हणाला, "डॉक्टर पाच-सात वर्षं म्हणाले." आमच्याकडे उतरलेल्या पुण्याच्या एक पाहुण्या तिथेच चहा घेत होत्या. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या सहा दातांना असे व्हीनियर बसवून पंधरावं वर्ष चालू आहे आणि एकही हललेलं नाही. मला मात्र गोव्यातले एक स्नेही आठवले. त्यांचं एक व्हीनियर दीड वर्षात निघून हातात आलं होतं, तेही पाव खाताना.

तिघांचंही खरं आहे. एकाच नावाच्या वस्तूला इतकी वेगवेगळी वयं का, हे समजून घ्यायचं तर आधी ती वस्तू काय आहे ते पाहायला हवं.

व्हीनियर हा शब्द आपल्याकडे सुतारकामातून ओळखीचा. साध्या प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला, की कपाट सागवानी दिसतं. दातांचं व्हीनियर तसंच. पुढच्या बाजूने, म्हणजे ओठाकडच्या अंगाने चिकटवलेला पातळ पापुद्रा. जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी. काही दातांचे डॉक्टर त्याला लॅमिनेट म्हणतात. दाताला चहूबाजूंनी टोपी घालतात ती कॅप, आणि ती वेगळी. हा फरक लक्षात ठेवावा, कारण 'व्हीनियर' म्हणून जाहिरात केलेल्या कामात प्रत्यक्षात दात खुंटीसारखे कोरून कॅप बसवल्याचे प्रकार जगभर होतात. युरोपातून तुर्कस्तानात स्वस्तात दात करून येणाऱ्यांबद्दल तिकडच्या दंतवैद्यांची मुख्य तक्रार हीच आहे.

व्हीनियरचे ढोबळ प्रकार दोन. एक कंपोझिटचं. डॉक्टर ते खुर्चीतच थरावर थर देऊन, निळ्या दिव्याने कडक करून दातावर घडवतात. दुसरं सिरॅमिकचं. त्यासाठी माप घेऊन प्रयोगशाळेत पापुद्रा तयार करतात आणि पुढच्या खेपेला तो चिकटवतात. भाच्याचं पहिल्या प्रकारचं, पाहुण्या बाईंचं दुसऱ्या.

याची सुरुवात हॉलिवूडमध्ये झाली. चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य १९२८च्या सुमारास नटनट्यांसाठी असे पापुद्रे करून देत. कवळी बसवायच्या पुडीने ते तात्पुरते चिकटवायचे आणि चित्रीकरण संपलं की काढून ठेवायचे. शर्ली टेम्पलच्या दुधाच्या दातांची खिंडारं त्यांनी अशीच झाकली. तेव्हाच्या पापुद्र्याचं आयुष्य एक दिवसपाळी. ते वाढायला सत्तावीस वर्षं जावी लागली. १९५५मध्ये अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिलं, की दाताच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावलं तर ते सूक्ष्म खडबडीत होतं आणि त्यावर रेझिन घट्ट धरतं. ही युक्ती त्यांना रंगकामाच्या उद्योगावरून सुचली. तिथे धातूवर रंग चढण्यासाठी आधी याच आम्लाने पृष्ठभाग तयार करत. मग १९६२च्या सुमारास रफाएल बोवेन यांनी रेझिनमध्ये काचेची पूड मिसळून आजच्या कंपोझिटचा पाया घातला. सिरॅमिकलाही आतून आम्लाने खडबडीत करून दाताशी कायमचं जोडता येतं, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध झालं. आजचं व्हीनियर तिथून पुढचं.

देवबागेतल्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. इथल्या होड्या आता फायबरच्या आहेत. फायबर म्हणजे रेझिन आणि काचेचे तंतू. दाताचं कंपोझिट म्हणजे रेझिन आणि काचेची पूड. सख्खं नाही, पण चुलत नातं आहेच. होडीला चीर गेली, की दुरुस्त करणारा आधी काय करतो? आजूबाजूचा भाग घासून खरखरीत करतो, पुसतो, कडकडीत वाळवतो आणि मगच रेझिन लावतो. ओल राहिली तर ते ठिगळ पहिल्या मोठ्या लाटेला सुटणार, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. तोंडात तर सगळीकडे ओलच. थुंकी, श्वासाची वाफ, हिरडीतून आलेला रक्ताचा एखादा थेंब. म्हणून चांगला डॉक्टर चिकटवताना रबराचा पडदा लावतो, कापूस ठेवतो, हिरडी सुजलेली असेल तर आधी ती बरी करतो आणि घाई करत नाही. दीड वर्षात निघालेल्या व्हीनियरचं कारण बहुतेक वेळा पापुद्र्यात सापडत नाही. ते चिकटवतानाच्या त्या अर्ध्या तासात असतं.

दुसरं कारण त्याखालच्या दातात असतं. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल आणि आतला पिवळसर भाग डेंटिन. एनॅमल जवळजवळ सगळं खनिज, त्यावर रेझिन खडकावरच्या कालवासारखं धरून बसतं. डेंटिनमध्ये पाणी आणि प्रथिनं असतात, तिथली पकड कमी आणि काळागणिक आणखी सैल होत जाणारी. वरच्या पटाशीच्या दातावर एनॅमल टोकाकडे सुमारे एक मिलिमीटर असतं, पण हिरडीजवळ ते ०.३ ते ०.४ मिलिमीटरच भरतं. म्हणजे तिथे हात जरा जड पडला की कवच संपलं. इस्तंबूलच्या गालिप ग्युरेल आणि सहकाऱ्यांनी ५८० व्हीनियरचा बारा वर्षांपर्यंतचा हिशेब २०१३मध्ये मांडला. ज्या दातांवर तयारी एनॅमलपुरती राखली होती, तिथे ९९ टक्के टिकली. जिथे चिकटवण्याची जागा किंवा कडा डेंटिनवर गेली, तिथे निकामी होण्याची शक्यता सुमारे दहा पट होती. या विषयावर जे काही वाचलं, त्यातला हा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पापुद्रा कुठल्या कंपनीचा यापेक्षा खाली कवच किती उरलं हे विचारलेलं बरं.

आता टिकण्याचे आकडे. जाहिरातीत नेहमी मोठे आकडे असतात आणि ते खोटे नसतात. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या विद्यापीठात ३१८ सिरॅमिक व्हीनियरचा वीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला. २०१२मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांनी सुमारे ९४ टक्के, दहा वर्षांनी ९३ टक्के, वीस वर्षांनी ८३ टक्के शाबूत. आता दुसरीकडे पाहा. इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या नोंदी काढून २००९मध्ये अडीच हजारांहून अधिक व्हीनियरचा हिशेब झाला. तिथे दहा वर्षांत पुन्हा हात न लावता टिकलेली निघाली ५३ टक्के. ९३ कुठे आणि ५३ कुठे!

यात कोणी लबाडी केलेली नाही. इन्सब्रुकला रुग्ण निवडून घेतलेले, काम तज्ज्ञांचं, तपासणीला परत बोलावणं नियमित. इंग्लंडच्या नोंदी गल्लीतल्या साध्या दवाखान्यांच्या. तिथे कोणत्याही कारणाने त्या दाताला पुन्हा उपचार करावा लागला, की ते व्हीनियर 'गेलं' असं धरलेलं. म्हणजे पहिला आकडा सांगतो की उत्तम हाताखाली ही वस्तू किती जगू शकते, आणि दुसरा सांगतो की सर्वसाधारण माणसाच्या तोंडात किती जगते. आपलं तोंड कुठल्या रांगेतलं, ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे ठरवावं. मी स्वतःला दुसऱ्या रांगेत धरतो.

कंपोझिट आणि सिरॅमिक यांची थेट तुलना नेदरलँड्समध्ये झाली आहे. एकाच माणसाच्या तोंडात काही दातांवर प्रयोगशाळेत बनवलेलं कंपोझिटचं, काही दातांवर सिरॅमिकचं. २०१९मध्ये दहा वर्षांपर्यंतचे निष्कर्ष आले. सिरॅमिकची सगळी टिकली, कंपोझिटची ७५ टक्के. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे या आकड्याला फार ताणू नये. पण दिशा दवाखान्यातल्या अनुभवाशी जुळते. खुर्चीत घडवलेल्या कंपोझिटला पाच ते सात वर्षं, सिरॅमिकला दहा ते पंधरा, असा अंदाज बहुतेक दंतवैद्य देतात आणि तो वावगा नाही.

मग कंपोझिट घ्यावंच का? भाच्याच्या बाबतीत मला तेच बरोबर वाटतं. त्यासाठी दात फारसा घासावा लागला नाही, पैसे कमी लागले, आणि उद्या टवका उडाला तर डॉक्टर अर्ध्या तासात तिथल्या तिथे डागडुजी करतील. सिरॅमिकचा पापुद्रा तडकला की सहसा तो पूर्ण घासून काढून नवा बनवावा लागतो. काढताना पापुद्रा कुठे संपतो आणि दात कुठे सुरू होतो हे ओळखणं सोपं नसतं, कारण रंग मुद्दाम जुळवलेला. त्यामुळे प्रत्येक बदलात थोडं एनॅमल जातं.

आता हिशेब करू. पंचविसाव्या वर्षी सिरॅमिकची व्हीनियर बसवली आणि ती प्रत्येक वेळी भरभक्कम पंधरा वर्षं टिकली असं धरलं, तरी चाळिसाव्या, पंचावन्नाव्या आणि सत्तराव्या वर्षी नवी लागणार. तीनदा खर्च आणि तीनदा कवचाची झीज. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपलेल्या असतात, ते पुन्हा उगवत नाही. दर पावसाळ्यात आमच्या किनाऱ्याची धूप होते, त्यावर निदान दगडी बंधारा तरी घालता येतो. म्हणून पूर्ण निरोगी दात निव्वळ पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून विशीत आठ-दहा व्हीनियर करून घेणाऱ्यांना माझा सरळ विरोध आहे. तेवढ्यासाठी दात उजळवून घ्यावेत. आणि नंतर एखाद-दुसरं व्हीनियर करायचंच असेल, तर उजळवल्यानंतर सुमारे दोन आठवडे थांबावं, कारण त्या रसायनाचा ऑक्सिजन दातात असेपर्यंत रेझिनची पकड नीट होत नाही. बसवलेलं व्हीनियर मात्र कोणत्याही उजळवण्याने उजळत नाही. पुढे बाकीचे दात पिवळे पडले की दोघांतला फरक उघडा पडतो.

विदर्भ-मराठवाड्यातली गोष्ट वेगळी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. मुलाचे पक्के दात जबड्यात घडत असताना त्याहून जास्त पोटात गेलं, की दातांवर पांढरे आणि तपकिरी डाग येतात आणि ते घासून जात नाहीत. लग्नाच्या वयाच्या मुलींना हसताना तोंडावर हात धरावा लागतो तो यामुळे. तिथे व्हीनियर ही चैन नाही. तरीही आधी डाग वरवर खरवडून पाहणं, मग रेझिन मुरवणं, आणि त्याने भागलं नाही तरच पापुद्रा, हा क्रम शहाणपणाचा. डागाळलेलं एनॅमल आम्लाला लवकर दाद देत नाही, त्यामुळे चिकटवण्याची तयारीही जास्त काळजीने करावी लागते. आमच्या जांभ्याच्या मुलखात हा त्रास नाही. आमचे दात बिघडतात ते किडीने, मशेरीने आणि आपटून.

आता देवबागच्या तोंडाकडे येऊ.

इथे व्हीनियरचा पहिला शत्रू कुर्ली. डेंगे फोडायला पाटा-वरवंटा आहे, अडकित्ता आहे, पण जेवताना कोण उठतो? डेंगा सुळ्याखाली धरला जातो आणि कट्कन आवाज येतो. कधी तो आवाज डेंग्याचा नसतो. सिरॅमिक दाबाला कणखर, पण एका बिंदूवर आलेल्या तिरक्या झटक्याला ठिसूळ. दुसरा शत्रू जत्रेचा. मालवणी खाजा आणि खटखटे लाडू, ज्यांच्या नावातच इशारा आहे. ते दाढेने खावेत, तोडून खावेत, पटाशीच्या दातांनी कुरतडू नयेत. तिसरा म्हणजे सुपारीचं खांड. चौथा खाण्याचा नाहीच. जाळं सांधताना नायलॉनचा दोरा दातांनी तोडायची सवय. माझे वडील आयुष्यभर तसंच करत आले आणि त्यांच्या पुढच्या दातात दोऱ्याची खाच पडलेली होती. अस्सल दाताला खाच पडते, व्हीनियरचा कोपराच उडतो. कात्री गळ्यात अडकवावी, झालं.

सोलकढी आणि आमटीबद्दल लोक जास्त घाबरतात. सिरॅमिकवर हळद किंवा कोकमाचा डाग बसत नाही. डाग बसतो तो कडेला, जिथून सिमेंटची बारीक रेघ जाते. कंपोझिट मात्र वर्षागणिक थोडं पाणी आणि रंग पितं, मग ते निस्तेज दिसू लागतं. यावर उपाय सोपा: वर्षातून एकदा पॉलिश. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता आधी चूळ भरावी. आम्लाने नरमलेलं कडेचं एनॅमल घासल्याने झिजतं.

मशेरी, राखुंडी, कोळशाची पूड, खरखरीत लाल मंजन, हे सगळं बंद. ते कंपोझिटची चकाकी घालवतं आणि हिरडी मागे सारतं. हिरडी मागे गेली की व्हीनियरची कड उघडी पडते, तिथे अन्न साठतं आणि खालून कीड लागते. व्हीनियर किडत नाही, हे ऐकून काहीजण निर्धास्त होतात. दात किडतो! मऊ ब्रश, बारीक पेस्ट आणि रात्री दातांमधून दोरा फिरवणं, एवढ्याने ही कड वाचते. क्लोरहेक्सिडिनची औषधी गुळणी फार दिवस चालू ठेवली तर तपकिरी डाग येतात, म्हणून ती डॉक्टरांनी सांगितली तेवढेच दिवस घ्यावी. दात साफ करायला दुसऱ्या दवाखान्यात गेलात, तर व्हीनियर असल्याचं आधी सांगा. यंत्राचं टोक कडेवर जोरात लागलं तर टवका उडू शकतो, आणि आम्लयुक्त फ्लोराइडची जेल सिरॅमिकचा तुळतुळीतपणा घालवते. साधं, आम्ल नसलेलं फ्लोराइड चालतं.

झोपेत दात खाणाऱ्यांचं काय? इन्सब्रुकच्याच पाहणीत अशा लोकांची व्हीनियर लक्षणीय प्रमाणात जास्त फुटली. रात्री घालायचं पारदर्शक कवच त्यासाठी असतं. ते डबीत ठेवून उपयोग नाही.

देवबागेत याला आणखी एक पदर आहे. डायव्हिंगवाले पोर दिवसभरात अनेकदा पाण्याखाली जाते आणि प्रत्येक वेळी रेग्युलेटरचं, म्हणजे श्वास घ्यायच्या उपकरणाचं, रबरी तोंड दातांत धरते. खोल गेलं की दाब वाढतो, दहा मीटरवर तो पाण्यावरच्या दुप्पट होतो. ज्या दातात नीट न भरलेली पोकळी आहे किंवा जिथे कॅपखाली हवा अडकली आहे, तो त्या दाबाने ठणकतो. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाने शंभर हौशी डायव्हरना विचारलं, तेव्हा ४१ जणांनी दातांचा काहीतरी त्रास सांगितला. त्यांत सर्वांत जास्त तक्रार दाबाच्या कळेची होती, पण काहींना रेग्युलेटर गच्च आवळून धरल्याने दुखत होतं आणि काहींच्या कॅप सैल झाल्या होत्या. नीट चिकटलेल्या व्हीनियरखाली हवा नसतेच, त्यामुळे दाबाची भीती नाही. भीती आवळण्याची. भाच्याला डॉक्टरांनी सांगितलं, की रबर पटाशीच्या दातांत न धरता दोन्ही बाजूंच्या दाढांवर टेकव आणि ओठांनी मिटून घे. नव्या पर्यटकांना तो स्वतः हेच शिकवत होता, फक्त आपण पाळत नव्हता.

शेवटी कोणाकडून करून घ्यावं. अलीकडे ब्यूटी पार्लरमध्ये किंवा चार दिवसांचा कोर्स केलेल्या 'तंत्रज्ञा'कडून व्हीनियर लावून घेण्याचं वारं आलं आहे. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे आणि आपल्याकडे दंतवैद्यक कायद्याने नोंदणी नसलेल्याला दातांचे उपचार करताच येत नाहीत. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते आणि ती विचारण्यात संकोच नसावा. आमच्या बाजूने मालवण-कुडाळला दवाखाने आहेत, अवघड काम असेल तर लोक गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जातात. आरोग्य विम्यात सौंदर्याचे उपचार सहसा बसत नाहीत, तेव्हा खर्च खिशातूनच धरावा.

खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी विचारा. दात किती घासणार आणि एनॅमलच्या आत राहणार का? न घासता भागेल का? उद्या टवका उडाला तर दुरुस्ती कशी आणि किती पैशांत? आणि वापरलेल्या सामानाचं नाव व रंगाचा क्रमांक कागदावर लिहून मिळेल का? शेवटचा कागद जपून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा त्याचीच गरज पडेल.

आईला उत्तर मी परवा दिलं. सांगितलं, नीट वागला तर सात वर्षं, आणि दर वर्षी एकदा दाखवलं तर त्याहून थोडं जास्त. तिला ते पटलं, कारण होडीचंही तसंच असतं. मे संपला की इथलं डायव्हिंग बंद होतं, होड्या वर ओढल्या जातात, चिरा बुजवल्या जातात. भाच्याने पॉलिशची तारीख त्याच आठवड्यात घेतली आहे.